उदगीरच्या काकांना उत्तर : सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी बदलण्याबद्दल

काका, रामराम.

तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने (शेतकरीच जिचे सभासद असतात अशी कंपनी) मला मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ, म्हणून बोलावलंय, लातुरातल्या दाळ मिलच्या ऑफिसातली वीस-बावीस वर्षांची नोकरी सोडावी की नाही या विचारात आहे, आणि मन जाण्याकडे झुकतंय, एवढं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही उदगीरहून भलं मोठं आणि कडक लिहिलंत. इतरांसाठी त्याचं सार सांगते. या वयात बसलेली घडी मोडणं म्हणजे पोट भरल्यावर सुचलेले चोचले. पोरगी बारावीत आणि सासूबाई अंथरुणावर असताना सुगीत रात्री दहाला परतायची नोकरी घरच्या बाईने धरू नये. या कंपन्या अनुदानावर जगतात, अनुदान आटलं की कुलूप. आणि शेवटचा टोला : "ताई, तुमचं ठरलेलंच आहे, आम्हाला फक्त टाळ्या वाजवायला बोलावलंय."

टाळ्यांचं आधी उरकते. त्या हव्या असत्या तर फेसबुकवर टाकलं असतं. तिथं अभिनंदन आधी येतं, मजकूर नंतर वाचतात, वाचला तर.

अनुदानाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. त्यातून तुम्ही बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालात म्हणता, म्हणजे हे सगळं तुम्ही टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं आहे. उत्पादक कंपनी हा प्रकार 2002 च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आला. खरा पूर आला तो 2020 नंतर, केंद्राने दहा हजार कंपन्यांची योजना काढली तेव्हा. त्यात एका कंपनीला तीन वर्षांत मिळून 18 लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो, आणि सीईओच्या पगाराला आधार महिना 25,000 पर्यंत. तीन वर्षं म्हणजे तीन सुग्या. एक पावसात गेली, एक भावात गेली, की हातात राहिली एक. कंपनीचं ऑफिस म्हणजे चेअरमनच्या पुतण्याचं खत-औषधाचं दुकान, आणि सभासदांची यादी म्हणजे भावकीची यादी, अशा कंपन्या मीही पाहिल्यात. त्यांच्याबद्दल तुमचं माझं भांडण नाही.

मला बोलावणारी कंपनी अनुदानाची तीन वर्षं कधीच ओलांडून गेलीय. माझा पगार धंद्यातूनच निघायचाय. म्हणून मी आधी तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद मागितले. दोन संचालकांची तोंडं वाकडी झाली, चेअरमनने गुमान पाठवले. धंदा साधा आहे : सभासदांचं सोयाबीन घ्यायचं, चाळणी मारायची, प्रतवारी करायची आणि एकगठ्ठा तेलाच्या प्लांटला द्यायचं. सोबत थोडा बियाण्याचा कार्यक्रम आणि गोदाम तारण, म्हणजे गोदामात ठेवलेल्या मालावर कर्ज. सोयाबीनमध्ये सगळा खर्च जाऊन क्विंटलमागे साठ रुपये सुटले आणि वीस हजार क्विंटल माल झाला, तर वर्षाचे बारा लाख. त्यातून सीईओ, अकाउंटंट, गोदामावरची पोरं, सीएची फी.

आता ते साठ रुपये जातात कुठं ते बघा. 14 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल वाळून 12 टक्क्यांवर आला की सव्वादोन किलोच्या वर वजन उडतं. 4,300 च्या भावाने ते जवळजवळ शंभर रुपये झाले. म्हणजे खरेदीच्या काट्यावर बसलेल्या पोराने ओळखीच्या माणसाचा माल मॉइश्चर मीटर नीट न लावता 12 म्हणून घेतला, तर त्या क्विंटलचा नफा गेलाच, वर चाळीसचा खड्डा. अशा कंपन्या बुडतात त्या नुसत्या अनुदान संपल्याने नाही काका, मीटरपाशी बुडतात. ओलावा, काडीकचरा, डागी माल, बारदान्याचं वजन, आणि "आपलाच माणूस आहे, घ्या" हे वाक्य. मिलमध्ये इतकी वर्षं मी खरेदीचा हिशोब बघितलाय तो याच गोष्टींचा. ओली तूर कुठं ठेवतात, नमुना पोत्याच्या कुठल्या बाजूने काढतात, कटती (मालातल्या खोटीपायी केलेली कपात) लावताना आडत्या काय बोलतो आणि कास्तकार कुठं गप्प बसतो, हे मला पाठ आहे. आजवर ते ज्ञान मिलच्या बाजूने वापरलं. मन का झुकतंय याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. याला चोचले म्हणायचं असेल तर म्हणा.

सुगी कशी असते याबद्दलही माझा काही गोड समज नाही. 2025 च्या सप्टेंबरात मांजरा-तेरणेच्या काठाने काय झालं ते तुम्हीही बघितलं असेल. उभं पीक पाण्यात, काढून रचलेली बनीम, म्हणजे गंजी, पाण्यात, जे हाती लागलं ते काळं पडलेलं. हमीभाव 5,328, पण तो 12 टक्के ओलाव्याच्या चांगल्या मालाला. त्या वर्षी तसा माल होता किती जणांकडे? अशा साली सीईओचं काम म्हणजे स्वतःच्याच सभासदाला तोंडावर "हा माल बसत नाही" म्हणणं, आणि त्याने दिलेल्या शिव्या ऐकून घेणं. मी ऐकून घेऊ शकते का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण माझ्या मते वयापेक्षा तो मोठा आहे.

आता "बसलेली घडी". सध्याच्या नोकरीला तुम्ही हक्काची म्हणालात. हक्काचं म्हणजे नेमकं काय ते मोजूया. पीएफ आहे, त्यातली पेन्शन 15,000 च्या पगारमर्यादेवर निघते. वर्षं गुणिले पंधरा हजार भागिले सत्तर. पस्तीस वर्षं भरली तरी महिन्याला 7,500. माझी तेवढीही भरणार नाहीत. दहा वर्षांच्या वर सेवा झालेली असल्याने आत्तापर्यंतची पेन्शन नोकरी सोडली तरी अठ्ठावन्नला मिळेल. ग्रॅच्युइटीही मिळेल. तिकडे नुकसान आहे ते पुढच्या वर्षांचं. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ सक्तीचा नाही, आणि या कंपनीत दहासुद्धा माणसं नाहीत. मालक आणि बहुसंख्य कर्मचारी राजी असतील तर स्वेच्छेने पीएफ लावून घेता येतो. ही माझी पहिली अट होती, संचालक मंडळाने ती ठरावात घेतलीय. पगार आत्तापेक्षा सहा हजारांनी कमी आहे. ते दुखतं, पण झेपतं.

आणि ही घडी वाटते तितकी बसलेलीही नाही. डिसेंबर 2023 मध्ये पिवळ्या वाटाण्याची शुल्कमुक्त आयात उघडली, तेव्हापासून आमच्यासारख्या मध्यम मिलच्या मालकाच्या कपाळावरची आठी गेलेली नाही. मिल वर्षात किती महिने पूर्ण चालली हे आता मजूरही मोजतात. मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आलाय, पोरगा हुशार आहे. वजनकाट्याची नोंद आता आपोआप संगणकात पडते. मला कोणी जा म्हणत नाही. फक्त पूर्वी ज्या कागदावर माझ्या सहीशिवाय ट्रक हलत नव्हता, तो कागद आता निघतच नाही. पन्नाशी ओलांडल्यावर नवीन काम शोधायला निघण्यापेक्षा सत्तेचाळीसला बोलावणं आलंय तर त्याचा विचार करणं मला जास्त सावधपणाचं वाटतं.

घराबद्दल. पोरगी बारावीत आहे, नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) देणार आहे, आणि आपण लातुरात आहोत. गडचिरोलीपासून कोल्हापूरपर्यंतची पोरं-पोरी याच एका वर्षासाठी आई-बाप सोडून आमच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात आणि डॉक्टर होतात. त्यांच्या आया शेकडो किलोमीटरवर असतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही, उलट कौतुक होतं. माझ्या पोरीला तिचं स्वतःचं घर, तिचा बाप आणि रात्री का होईना पण आई, एवढं सगळं असताना काळजी तिचीच? तिला विचारलं तर म्हणाली, तू घरी असलीस की दर अर्ध्या तासाला चहा विचारतेस. तरी मी कंपनीला सांगितलं की तिची नीटची परीक्षा झाल्याशिवाय येणार नाही. ते एक जूनपर्यंत थांबायला तयार झाले, पेरणीच्या आधी या म्हणाले. हिला रिपीट करावं लागलं तर मात्र माझी पहिली सुगी आणि तिचं दुसरं वर्ष एकमेकांवर आदळणार. त्यावर माझ्याकडे आज उपाय नाही.

सासूबाईंना पॅरालिसिस होऊन बराच काळ झाला. दिवसा एक मावशी असतात, त्या आजही आहेत, कारण मी आजही नोकरीच करते. संध्याकाळी साडेपाचला नवरा शाळेतून येतो. तुमच्या प्रतिक्रियेत तो कुठंच नाही काका. सासूबाई त्याची आई आहे, ही गोष्ट अशा चर्चांमध्ये हमखास गळते. त्यांना जेवू घालणं, कूस बदलणं, कपडे बदलणं हे तो करतो, आणि माझ्यापेक्षा न चिडता करतो. ऑक्टोबर ते जानेवारी संध्याकाळचा स्वयंपाकही तो बघणार, पोळ्या विकत येतील. शेजारच्या काकूंना हे कळल्यावर त्यांनी आमच्यासाठी नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवलाय. अडचण आहे ती रात्रीची. रात्री दोनला हाक मारतात ती माझ्याच नावाने, आणि मीच गेले तर शांत होतात. पाळी जायच्या वयात माझी झोप आधीच तुटकी झालीय. दिवसभर गोदामावर उभं राहून वर रात्रीचं हे जागरण चार महिने निघेल का? याबाबतीत तुमची काळजी रास्त आहे. नणंद दिवाळीनंतर दोन महिने आईला नांदेडला न्यायला तयार आहे, पण सासूबाई तयार नाहीत. त्यांना पोत्यासारखं उचलून न्यायचं नाही, हे आमच्या घरात नक्की आहे.

राहिली एक गोष्ट, आणि खरं अडलंय ते तिथंच.

कायद्याने उत्पादक कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ लागतो, सभासद नसलेला लागतो, आणि तो पदसिद्ध संचालक असतो. माझ्या नावावर दीड एकर आहे, त्यावर या कंपनीचे थोडे शेअर आहेत, ते आधी सोडावे लागतील. त्याचं काही नाही. पण कंपनी सभासदाला दोन दिवसांत पैसे देते आणि प्लांटकडून ते यायला पंधरा-वीस दिवस लागतात. मधल्या काळासाठी खेळतं भांडवल लागतं. कर्जाची जुनी मर्यादा अपुरी पडतेय म्हणून वाढवून मागितली, तर बँकेने तोंडी सांगितलं की सगळ्या संचालकांच्या वैयक्तिक हमीच्या सह्या लागतील. सगळ्या म्हणजे माझीसुद्धा. आमचं घर आमच्या दोघांच्या नावावर आहे. पगारी माणसाने शेतकऱ्यांच्या धंद्याला आपलं घर लावायचं नाही, ही माझी दुसरी अट. त्यावर मंडळ अजून "बघू" म्हणतंय. हे लेखी मिळालं नाही तर मी जाणार नाही. मिळालं तर जाईन. ठरलंय ते इतकंच.

तर काका, टाळ्या नकोत, तुमच्या जुन्या खुर्चीतलं उत्तर द्या. केंद्राच्या योजनेत अशा कंपन्यांच्या विनातारण कर्जाला 2 कोटींपर्यंत पत हमी आहे, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाईची हमी. ती घेतली, तर पदसिद्ध संचालकाला वैयक्तिक हमीतून वगळायला शाखा व्यवस्थापक स्वतःच्या पातळीवर तयार होतो का, की ते वरूनच मंजूर करून आणावं लागतं? मागणीच्या पत्रात हे कसं मांडलं तर फाईल परत येत नाही? पुढच्या आठवड्यात मंडळाची बैठक आहे, त्याआधी लिहिलंत तर बरं होईल. ताळेबंद बघायचे असतील तर चेअरमनला विचारून पाठवते.