मासळीची आवक वाढली म्हणून मासे वाढले?

गेला आठवडाभर आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की गोव्यात मासळीची आवक वाढलीय, सरकारी आकडे बघा, मासे कमी झाले ही नुसती बोंब, तारलेसुद्धा परत आले, आणि जून-जुलैच्या बंदीत समुद्र आपोआप भरतोच. काकांनी तर दोनदा टाकला.

आकडा बरोबर आहे असं धरूया. पण तो मालीम नि कुटबणच्या जेटीवर उतरलेल्या मासळीचा आहे, समुद्रात उरलेल्या नव्हे. आधी बोट सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची, आता कितीतरी ट्रॉलर आठ-आठ दिवस बाहेर असतात, इंजिन मोठं, वर फिश फाइंडर नि जीपीएस. तेवढेच टन पकडायला दिवस किती, डिझेल किती, तो भागाकार मेसेजमध्ये कुठंय?

आणि भागाकारसुद्धा फसवतो बरं का. बांगडे, तारले थव्याने फिरतात, एकूण कमी झाले तरी उरलेले एकत्रच, थवा सापडला की पर्ससीनचं, म्हणजे थव्याला वेढा घालणारं, जाळं भरतंच. कॅनडात न्यूफाउंडलंडला कॉड माशाचं जवळपास असंच झालं, ट्रॉलरची जाळी भरत होती, सर्वेक्षणातला आकडा उतरत होता, भरवसा जाळ्यांवर जास्त ठेवला आणि 1992 मध्ये मासेमारीच बंद करायची पाळी आली, सुमारे 30,000 लोकांचं काम गेलं. ती बंदी अधिकृतपणे उठायला 2024 उजाडलं. आपोआप भरतो म्हणे!

तारल्यांचं खापर एकट्या मासेमारीवर नाय फोडता येत, हे मान्य. पाण्याचं तापमान, पाऊस, सगळ्याचा परिणाम होतो. केरळात 2012 मध्ये जवळजवळ 4 लाख टन मिळाले, 2021 मध्ये साडेतीन हजारसुद्धा नाय. पण मग अशा पडत्या वर्षात जाळी आवरायची की अजून टाकायची?

बंदीचे 61 दिवस हवेतच. पण ऑगस्टमध्ये बारीक आसाची, म्हणजे बारीक छिद्रांची, जाळी पिल्लंच ओढून आणणार असतील तर काय उपयोग? एलईडी दिव्यांनी मासे ओढून पकडण्यावर 2017 पासून बंदी आहे, रात्री समुद्रात झगझगतं ते काय, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांना विचारा.

परवा म्हापशाच्या बाजारात बांगड्यांचा वाटा घेतला. बारा नग, एकेक तळहाताएवढा. बांगडा साधारण 18-19 सेंटिमीटरचा झाला की अंडी घालण्याजोगा होतो, यातल्या एकाचीही वेळ आली नव्हती. पूर्वी वाट्याला पाच यायचे. काट्यावर ते पाच नि हे बारा सारखेच भरतात, आणि आवक मोजतात किलोत.