कुर्ल्यांचं कालवण आणि औरंगजेब

दर दोन-चार महिन्यांनी तोच मजकूर फिरत फिरत आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. कोकणातले मुसलमान म्हणजे औरंगजेबाच्या तलवारीला भिऊन बाटलेले, धर्म दिल्लीहून आलेला, भाषा उर्दू, मराठी आडनावं तेवढी उरलेली. मी कोकणी मुसलमान. आजवर गप्प बसलो, आता लिहितो.

आधी औरंगजेब. तो गादीवर आला १६५८ मध्ये. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी कोकणातल्या चौल बंदरात आला तो इ.स. ९१६ च्या सुमारास. चौलला तो 'सैमूर' म्हणतो आणि तिथे दहाएक हजार मुसलमान राहतात असं लिहितो. सत्ता राष्ट्रकूटांची होती. तलवार कुणाची, ते मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावं.

डहाणूजवळ चिंचणीला इ.स. ९२६ चा ताम्रपट सापडला, तो तर शाळेत शिकवायला हवा. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संजाण प्रांताचा कारभार एका अरबाला दिला होता. ताम्रपटात त्याचं नाव 'मधुमती', म्हणजे आपला मुहम्मद! त्याने नदी ओलांडायला फुकट होडी सुरू केली, भात-तुपाचं अन्नछत्र घातलं आणि देवीच्या मठाला जमीनही दिली.

"धर्म दिल्लीहून आला." याचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात आहे. दिल्लीचे सुलतान आणि मुघल हनफी, आम्ही शाफई; हे इस्लामी कायद्याचे दोन वेगळे पंथ. हनफींना खेकडा वर्ज्य, कोळंबीवरही त्यांच्या उलेमांत वाद. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर कुर्ल्या मिळाल्या की पाटा-वरवंटा निघतो, नांग्या ठेचून त्यांचा रस कालवणात जातो, आणि हनफी घरातून आलेली सून आधी लांब बसते. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजानही आमच्या मशिदीत लवकर होते. येमेनमध्ये शाफई, भटकळचे नवायत शाफई, केरळचे मापिला शाफई. हा अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांचा रस्ता आहे, खैबर खिंडीचा नव्हे. माहीमचे सूफी संत मखदूम अली (१३७२–१४३१) याच नवायत घराण्यातले. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा हा शाफई पंडित बाबराच्या जवळपास शंभर वर्षं आधीचा. त्यांच्या उरुसाला पहिली चादर आजही मुंबई पोलिसांची असते.

भाषेचं थोडं खरं आहे. गावोगावी उर्दू शाळा आहेत, मीही तिथेच शिकलो. पण शाळेची भाषा वेगळी आणि घरची वेगळी. हळदीच्या रात्री बायका ढोलकीवर म्हणतात ती गाणी कोकणीतच, आणि पाहुण्यांपुढे सांदण ठेवताना त्याला दुसरा शब्द कुणाला सुचत नाही.

आडनावांचं काय? देशमुख, मुकादम, चौगुले ही वतनाची, हुद्द्याची नावं. ज्याच्याकडे काम, त्याला नाव.

आता आमच्या लोकांनाही एक सांगतो, रागावू नका. "आम्ही सगळे शुद्ध अरब" हीही फुशारकीच. नंतरच्या काळात बहमनी, आदिलशाही आली, त्यातही लोक आले, मिसळले, काहींनी धर्म बदलला. आणि मसूदीने चौलच्या मुसलमानांत एक गट वेगळा नोंदवलाय, 'बयासिरा', म्हणजे मुसलमान घरात हिंदुस्थानातच जन्मलेले. ९१६ मध्येच त्यांना इथले म्हणून वेगळं नाव पडलेलं होतं.