‘चारशे वर्षांची रात्र’ आणि जागे असलेले हेडमास्तर

नॉर्वेबद्दल एक वाक्य सर्रास ऐकवलं जातं: डेन्मार्कच्या ताब्यातली चारशे वर्षं म्हणजे काळीकुट्ट रात्र, १८१४ साली देश स्वतंत्र झाला आणि मग कुठे त्याचा इतिहास लिहायला माणसं बसली.

आधी ही ‘रात्र’ बघू. नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या ‘पेर ग्युंट’ या नाटकात (१८६७) ती वेड्यांच्या इस्पितळातल्या हुहूच्या तोंडी आहे. हा हुहू कुठला? चक्क आपल्या मलबार किनाऱ्याचा! ओरांगउटानांची आरडाओरड म्हणजेच मूळ भाषा, ती परत आणा, असा त्याचा हट्ट. नॉर्वेतल्या भाषाशुद्धीवाल्यांना काढलेला हा चिमटा. लोक तो विसरले, शब्द तेवढे उचलले.

आणि स्वातंत्र्य? त्याच वर्षी नॉर्वे स्वीडनच्या राजाखाली गेला, सुटला १९०५ मध्ये.

आता इतिहास. इतिहासकार गेरहार्ड श्योनिंग १७२२ साली उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेनमध्ये जन्मले आणि १७५१ मध्ये ट्रॉन्डहाइमच्या कॅथीड्रल शाळेचे रेक्टर झाले, म्हणजे हेडमास्तरच. शाळेशेजारीच निडारोसचं (हे ट्रॉन्डहाइमचंच जुनं नाव) कॅथीड्रल. १५३१च्या आगीपासून त्याचा पश्चिमेकडचा भाग बिनछपराचा, पडका. रोज डोळ्यांसमोर असलेल्या त्या भिंतींचं तपशीलवार वर्णन हेडमास्तरांनी १७६२ मध्ये छापलं. जीर्णोद्धाराला हात लागला थेट १८६९ मध्ये.

“विद्यापीठच नव्हतं, अभ्यास कोण करणार?” विद्यापीठ १८११चं, हे खरं. पण १७६० मध्येच श्योनिंग, बिशप गुन्नेरुस आणि डॅनिश इतिहासकार सूम यांनी ट्रॉन्डहाइममध्ये विद्वत्सभा काढली. ती आजही चालू आहे. श्योनिंगनी लिहिलेल्या नॉर्वेच्या इतिहासाचे दोन खंड १७७१ आणि १७७३ मध्ये आले; तिसरा १७८१ मध्ये, ते वारल्यावर. १७७३ ते १७७५ या काळात जुन्या वास्तू नोंदवत त्यांनी देशात पायपीट केली, ती वेगळीच.

“पण ते डेन्मार्कचेच नोकर!” होते की. पुढे डेन्मार्कमधल्या सोऱ्योला प्राध्यापक, शेवटी कोपनहेगनच्या दफ्तरखान्यात. राजाशी निष्ठावंतही होते. पण त्याच राजाचा पगार घेत त्यांनी लिहिलं ते नॉर्वेच्या जुन्या राज्याबद्दल, आणि अभिमानाने. वेगळा देश मागणं त्यांच्या डोक्यात नसेल. म्हणून लिहिलेली पानं कोरी होत नाहीत.

ते चुकलेही. नॉर्वेजियन लोक उत्तरेकडून देशात उतरले, हे त्यांचं मत पुढे टिकलं नाही. गंमत म्हणजे १८१४ नंतरच्या ‘जाग्या’ पिढीतल्या कायसर आणि मुंक या इतिहासकारांनी तेच मत हिरिरीने मांडलं. चूक करायलासुद्धा त्यांना हेडमास्तरांचीच वाट सापडली.