हवालदार, मुनीम आणि फोटोफ्रेम

गेल्या रविवारी इथे इंग्लंडमध्ये सकाळी, म्हणजे तिकडे भारतात दुपारची जेवणं उरकून सगळे आडवे झाले असतील तेव्हा, आमच्या आजोळच्या ग्रुपवर मामेभावाने सिंघममधला एक फोटो टाकला. अजय देवगणच्या बाजूला हवालदाराच्या वर्दीत अशोक सराफ. खाली लिहिलेलं, "आपला सम्राट हिंदीत सॅल्यूट मारतोय, ही आपली लायकी." मग काय, धडाधड अंगठे. कोणीतरी लक्ष्याचं मैने प्यार किया आणि हम आपके हैं कौन काढलं, कोणी पद्मश्री काढली, की द्यायचीच होती तर २०२५ पर्यंत, माणूस ७७ वर्षांचा होईपर्यंत कशाला थांबले. मी चहा ओतत होते, तो अर्धा ओट्यावर सांडला.

कारण मला हा वाद ऐकला की चीडच येते, दर वर्षी दोन वर्षांनी कोणी ना कोणी उकरून काढतंच.

एक गोष्ट मला सांगा. १९७५ साली दादा कोंडक्यांच्या पांडू हवालदारमध्ये हाच माणूस सखाराम हवालदार होता, तेव्हा कोणाची लायकी निघाली होती का? नाही, तेव्हा ती कला. तोच माणूस ३६ वर्षांनी सिंघममध्ये हेड कॉन्स्टेबल सावळकर झाला की अपमान. वर्दी तीच, पोट थोडं जास्त, टायमिंग तेच. मग अपमान नेमका कुठून आला? सिनेमाची भाषा बदलली म्हणून?

आणि दुसरं म्हणजे हम पांच सगळे सोयीस्कर विसरतात. १९९५ ला झी टीव्हीवर सुरू झालेली मालिका, हिरोच अशोक सराफ, पाच मुलींचा बाप आनंद माथुर. घरात दुसरी बायको, आणि भिंतीवरच्या फोटोफ्रेममधून बोलणारी मेलेली पहिली बायको म्हणजे आपली प्रिया तेंडुलकर. म्हणजे दोन मराठी माणसं हिंदीत माथुर नवराबायको झाली आणि दिल्ली-लखनौच्या लोकांनी ते बिनतक्रार बघितलं. त्याच वर्षी तो करण अर्जुनमध्ये अमरीश पुरीचा मुनीम पण होता, आणि त्या मुनीमाचा एक डायलॉग अजून माझ्या ऑफिसातला गुजराती अकाउंटंट मला लिफ्टमध्ये ऐकवतो, अशोक सराफचं नाव त्याला माहीत नाही ही गोष्ट वेगळी.

मी ग्रुपवर लिहायला घेतलं. इकडे बघा म्हटलं, इथला टीव्हीवरचा विनोदी नट डेव्हिड जेसन. इलेक्ट्रिशियनचं काम शिकलेला माणूस, आपल्या अशोक मामांनी स्टेट बँकेत नोकरी करत करत नाटकं केली तसाच. ओपन ऑल आवर्स मालिकेत वर्षानुवर्षं दुकानातल्या पोऱ्याचं काम केलं, मालक दुसराच, रॉनी बार्कर. कोणी म्हटलं नाही की हा आमचा अपमान. मग १९८१ पासून ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस मालिकेतला डेल बॉय झाला, १९९६ च्या ख्रिसमसला त्याचा एक एपिसोड २ कोटी ४० लाखांच्या वर लोकांनी बघितला, आणि २००५ ला सर डेव्हिड. इथे नटाला किंमत असते, छोट्या रोलला पण असते, तुमच्यासारखी रडारड नसते. असं बरंच काय काय लिहिलं. लिहिताना मान जरा ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू. १४ वर्षं झाली इथे, अजून डोंबिवलीवाल्यांना चार गोष्टी सुनवायच्या असल्या की मी हमखास इंग्लंडची होते, आणि इथे कोणी इंडियाबद्दल वाकडं बोललं की तेवढ्याच हमखास डोंबिवलीची.

मामेभावाचं उत्तर दोन मिनिटांत. "ताई, डेव्हिड जेसनने फ्रेंच पिक्चरमध्ये कधी नोकर केलाय का गं?"

आता यावर काय बोलणार. बरोबर होतं ना त्याचं. मी माझ्या सोयीचा माणूस निवडला होता. खरी तुलना करायची तर इथल्या आपल्या लोकांशी करायला हवी होती, ज्यांना वर्षानुवर्षं कोपऱ्यावरचा दुकानदार नाहीतर डॉक्टर यापलीकडे फारसं काही मिळत नव्हतं, आणि मग १९९८ ला मीरा स्याल, संजीव भास्कर वगैरे मंडळींनी टीव्हीवर स्वतःचाच कार्यक्रम काढून त्याच अ‍ॅक्सेंटची उलटी टर उडवली. ते मला माहीत होतं, पण लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर इथल्या कौतुकाला जरा डाग लागला असता.

आणि अजून एक गोष्ट लिहिली नाही, ती इथे लिहिते. ऑफिसच्या ख्रिसमस डूला, म्हणजे पार्टीला, मी बरीच वर्षं एक आयटम करायचे. कॉल सेंटरवाली. मान हलवत, ट-ठ-ड ठासून, "सर, हॅव यू ट्राइड" वगैरे. लोक हसून हसून टेबलावर पडायचे, दोन वाइन झाल्यावर कोणीतरी "डू द व्हॉइस" म्हणायचंच. मला वाटायचं मी काय लोकप्रिय. घरी येताना गाडीत नवरा एकदाच म्हणाला, "तू चांगली करतेस, पण ते तुझ्याबरोबर नाही हसत." त्यावर आठवडाभर अबोला होता. कोविडनंतर ती पार्टीच बंद झाली म्हणून सुटले, मी स्वतः काही नाही म्हटलं नाही.

म्हणजे मुनीमाचा रोल मी पण केलाय, फक्त मला मानधन नव्हतं. म्हणूनच ती सॅल्यूटवाली पोस्ट एवढी झोंबली बहुतेक.

पण फरक आहे, आणि मोठा आहे. अशोक मामा अमरीश पुरीचा मुनीम करून दादर-पार्ल्याला परत यायचे तेव्हा तिथला राजा ते होते. विजयाबाई मेहतांनी बसवलेल्या हमीदाबाईची कोठी नाटकातला लुख्खा त्यांनी केला होता, धुमधडाक्यातला पाइप ओढत खोकणारा यदुनाथ जवळकर त्यांचा, बनवाबनवीतला धनंजय माने त्यांचा, आणि विनोदी विनोदी म्हणून शिक्का मारणाऱ्यांना १९९४ चा वजीर दाखवायचा. घरी एवढं भरलेलं असलं की माणूस शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायला पण ऐटीत जातो. लहान रोल त्याला लहान करत नाही. माझं तसं कुठेय? मी तिकडचं आवरून आले. आमच्या मंडळाच्या गणपतीत, चर्च हॉलमध्ये, मी बसवलेल्या एकांकिकेला ६० खुर्च्या असतात आणि त्यातले निम्मे बटाटेवडे गरम आहेत तोवर उठतात. मला साइड रोलच आहे, परत जाऊन हिरॉइन व्हायला घरचा पिक्चर नाही.

शाळेत होते तेव्हा माझ्या सख्ख्या मामाने, म्हणजे या मामेभावाच्याच वडिलांनी, अशोक सराफचं नाटक दाखवायला नेलं होतं. नाटकाचं नाव विसरले, मध्यंतरातला वडा आठवतोय, आणि हे आठवतंय की स्टेजवर अशोक मामा नुसते वळून प्रेक्षकांकडे बघायचे, बोलायचे काहीच नाहीत, आणि माझा मामा, जो घरात वर्षातून दोनदा हसायचा, रुमालाने डोळे पुसत होता. मामा गेला तेव्हा बॉयलर दुरुस्ती, मुलीची परीक्षा आणि तिकिटाचे भाव यात मी गेले नाही. व्हिडिओ कॉलवर होते.

हे सगळं ग्रुपवर कसं लिहिणार. मी लिहिलं, "बरं बाबा, तू म्हणतोस ते खरं, पण तरी मला हम पांचच आवडतं."

त्याने लगेच, "ताई तू आमची हम पांचमधली फोटोफ्रेमच आहेस. भिंतीवर टांगलेली. मधेच बोलतेस."

वहिनीने त्याला झापलं, काय बोलतोस, ती फ्रेममधली मेलेली होती. मग सगळ्यांचे हसण्याचे इमोजी. मी पण तीन टाकले. सोमवारी कचऱ्याची ब्राउन बिन असते, ती बाहेर ठेवून आले, आणि मग यूट्यूबवर हम पांच लावलं. मुलगी वरून ओरडली, कित्ती मोठा आवाज आहे. कमी नाही केला.