‘एक आजी, दादर’ यांना उत्तर

नवजात बाळाचं फोटोसेशन कसं ठरवावं यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक आजी, दादर’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सव्वा महिन्याच्या आत बाळाला घराबाहेर काढू नये. टाके ओले असताना बाळंतिणीला टॅक्सीत कोंबून गोरेगावला माझ्या स्टुडिओत कशाला न्यायचं? लेखात दर का नाहीत? आणि शेवटी, ‘हल्लीच्या पोरींना मिरवायला बाहुल्या हव्यात, हौसेपायी जिवाशी खेळ चाललाय.’

आजी, नमस्कार. दर दिलेले नाहीत हे खरं आहे. ते द्यायला हवेत, देते.

आता ते शेवटचं वाक्य. तुम्ही वयाने मोठ्या आहात, चार गोष्टी सुनावायचा तुमचा हक्क आहे. पण नाव-गाव न सांगता, मी बाळांच्या जिवाशी खेळते असं चारचौघांत लिहून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? घरी बोलावून बोलला असतात तर चहा पीत ऐकून घेतलं असतं.

तुमचा राग बहुतेक हातांवर हनुवटी टेकवलेल्या बाळाच्या फोटोवर आहे. तसं बाळ कधीच बसत नाही हो! एका फोटोत मदतनीस बाळाचं डोकं धरते, दुसऱ्यात मनगटं. दोन्ही फोटो नंतर फोटोशॉपमध्ये जोडायचे आणि तिचे हात पुसून टाकायचे. बाळावरचा हात एक क्षणही सुटत नाही. टोपलीतल्या फोटोतही टोपलीच्या बुडाशी वजन ठेवलेलं असतं आणि कोणीतरी हाताच्या अंतरावर बसलेलं असतं. पोटावर झोपवतो ते आमच्या डोळ्यांदेखत, तेवढ्यापुरतं. घरी झोपवताना बाळाला पाठीवरच झोपवा, हे लेखात ठळक अक्षरांत आहे. ते तुमच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे.

सव्वा महिना थांबा म्हणता, पण साधारण 5 ते 14 दिवसांचं बाळ गाढ झोपतं, पोटात असायचं तसं अंग मुडपून घेतं. पुढे ते हातपाय ताणू लागतं, पोटात कळा येऊन रडायला लागतं, चेहऱ्यावर पुरळ उठतं. म्हणून तारीख आधी ठरवायची, तीही पेन्सिलने, कारण बाळ कधी येईल ते बाळच ठरवतं. कावीळ झाली, काचेच्या पेटीत ठेवलं, तर सेशन पुढे ढकलायचं. आमच्या खोलीत एसी बंद असतो. मे महिन्यात आम्ही घामाने निथळत असतो, कारण तान्ह्याच्या अंगातली ऊब फार लवकर निघून जाते. बाळाला आईने पोटभर पाजलेलं असतं, मध्ये रडलं की कॅमेरा बाजूला. डांग्या खोकल्याची पहिली लस 6 आठवड्यांनी मिळते, त्यामुळे माझ्याकडे कुणाला नुसता खोकला आला तरी त्या दिवशी सुट्टी. अंगठ्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय बाळाला हात नाही.

हे मी कुठल्या रीळवर शिकले नाही. माझी आई पालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका होती. शाळा सुटली की मी तिथल्या बाकावर बसून गृहपाठ करायची. मानेखाली हात घालून बाळ कसं उचलायचं ते मला तिने शिकवलं, तेव्हा कॅमेरा हातातही आला नव्हता. माझा स्वतःचा मुलगा दिवस भरायच्या आधी झाला. त्याला काचेतून पाहत बसलेल्या बाईला तुम्ही जीव म्हणजे काय ते सांगताय!

आणि बाहेर काढायचं नाही म्हणता, तर बाराव्या दिवशी बारशाला काय होतं? गिरगावातल्या आमच्या चाळीत अख्खा मजला बाळ हातात घेऊन बघायचा, कुणी नाक शिंकरत, कुणी गालाला हात लावून. बाळाच्या नाकात तेल सोडणारी मालीशवाली तर आजही घरोघरी येते, डॉक्टर नको म्हणत असले तरी. तिला कुणी जिवाशी खेळ म्हणालेलं मी ऐकलं नाही. तीट लावली की सगळं माफ, असं आहे का?

‘मोबाइल आहे की घरोघरी’ असंही तुम्ही लिहिलंय. आहे ना, काढा की. खिडकीपाशी, मऊ उजेडात, कुंची-दुपट्यात बाळ छानच दिसतं. मी कुणाला बळजबरी करत नाही.

टाक्यांचं म्हणाल, तर ते ज्या त्या बाईने आपल्या डॉक्टरांना विचारावं. त्यावर मी काय बोलणार? आमच्याकडे सोफा आहे, लिफ्ट आहे. घरी येऊनही आम्ही फोटो काढतो, सामानाचं आणि येण्याजाण्याचं भाडं वेगळं. ते दरांच्या यादीत लिहीन. यादी या आठवड्यात लेखाच्या खाली येईल, बघायची असेल तर बघा.