जोकर आत की बाहेर?

अकरावी सायन्सची भाची घरी राहायला असणं म्हणजे काय असतं हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल. जेवणं झाली, जरा पाठ टेकली की बाईसाहेब प्रॉबॅबिलिटीची वही घेऊन हजर, "मामा, ह्या दोन इव्हेंट इंडिपेंडंट आहेत की म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह?" असं विचारते जसं काही चहा घेणार की कॉफी, आणि मुळात दोन्ही नसू शकतात हे पटवण्यातच माझी झोप उडते.

पत्त्याचं एक पान काढलं तर ते राजा आणि राणी एकदम असू शकत नाही, म्हणून म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह. इथपर्यंत घरात एकमत. मग ती म्हणते, "म्हणजे त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही, म्हणजे इंडिपेंडंट पण!" अगं बाई उलट! इंडिपेंडंट म्हणजे एक घडलं कळलं तरी दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. राजा आला कळल्यावर राणीची शक्यता डायरेक्ट शून्य, याहून घट्ट संबंध कुठला? आमच्या बिल्डिंगमधल्या दोन काकू अशाच, एक भजनाला आली की दुसरी येत नाही, आता त्यांना एकमेकींची फिकीर नाही असं म्हणून दाखवा.

मग बदाम आणि राजा. बदामचा राजा असतोच, त्यामुळे एक्सक्लुझिव्ह नाही. इंडिपेंडंट असतील तर दोघांच्या शक्यतांचा गुणाकार दोन्ही एकदम येण्याच्या शक्यतेइतकाच यायला हवा. बदाम १३, राजे ४, म्हणून १३/५२ गुणिले ४/५२ बरोबर १/५२, आणि बदामचा राजा पण ५२ मधे एकच. जुळलं! मी जिंकल्याच्या थाटात पाणी प्यायलो.

तेवढ्यात रमीच्या तंद्रीत बसलेली आई म्हणाली, "आणि जोकर धरला तर?"

धरला. पानं झाली ५३. आता १३/५३ गुणिले ४/५३ म्हणजे ५२/२८०९, आणि बदामचा राजा १/५३ म्हणजे ५३/२८०९. एकाने हुकलं! जोकर बिचारा ना बदाम ना राजा, नुसता कॅटमधे येऊन बसला आणि इंडिपेंडन्स गेला. म्हणून म्हणतो, मनाला काय वाटतं ते राहू दे, गुणाकार करून बघायचा, बस. मला तर हे भलतंच भारी वाटलं, मी उत्साहात दोन जोकर धरून पण मांडायला घेतलं.

भाची म्हणाली, "पेपरात जोकर येतो का?"

"नाही सहसा."

"मग कशाला सांगतोयस?" वही मिटून ती झोपायला गेली पण.

आई पानं पिसत होती. "ये बस, तीन हात होतील. आणि तो जोकर टाक आत."