टाइमशेअरचा थकलेला कर कोणाच्या माथी?

‘रिसेलमध्ये टाइमशेअर (रिसॉर्टमध्ये दर वर्षी ठरावीक दिवस राहण्याचा विकतचा हक्क) घेतला तर आधीच्या मालकाने थकवलेला मालमत्ता कर आपल्याला लागत नाही,’ असं अमेरिकेतली आपली मंडळी एकमेकांना सांगताहेत. फ्लोरिडात तरी हे खरं नाही. खरेदीखताने घेतलेला टाइमशेअर तिथे स्थावर मालमत्ता धरला जातो आणि कराचा बोजा दर वर्षी १ जानेवारीपासून मालमत्तेवरच बसतो. बिलं नोव्हेंबरच्या सुमारास निघतात, १ एप्रिलपासून थकबाकी धरतात. मधल्या काळात विक्री झाली की घोळ! शिवाय काउंटीचं (तिथल्या जिल्हा प्रशासनाचं) बिल मालकाला नव्हे, रिसॉर्टच्या व्यवस्थापनाला जातं. ते पुढे मालकांकडून वसूल करतं. त्यामुळे सही करण्याआधी थकबाकीचं लेखी पत्र व्यवस्थापनाकडूनच मागा. विकणारा १ डॉलरला द्यायला निघाला असेल तर जरूरच.